बाविसावी

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला, नेमका डोळा लागत होता, तेवढ्यात फोन थरथरला. ‘आज माझा एकोणिसावा कुणी घेईल का? अचानक पाहुणे आलेत.’ पडल्या पडल्याच ‘घेते’ एवढं लिहिलं आणि चूळ भरायला उठले.

‘श्रीगजाननविजया’च्या आमच्या चक्री पारायणात 21 जणी आहेत. अध्याय 21, दर गुरुवारी प्रत्येकीने एकेक पुढे सरकायचं. मी बाविसावी. सासर अकोल्याचं, शेगाव म्हणजे शेजारच्या घरासारखं, तेव्हा सासूबाईंनी माझं नाव घालायचं ठरवलं. पण तोवर जागा भरल्या होत्या. “राहा राखीव,” म्हणाल्या. राहिले. क्रिकेटमधला बारावा गडी कसा पाण्याच्या बाटल्या घेऊन धावतो, तशी सहा वर्षं धावतेय. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाची अडचण, कुणी प्रवासात. उरेल तो अध्याय माझा.

त्यामुळे झालंय असं की पोथी मी सरळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत अशी कधी वाचलेलीच नाही. एका गुरुवारी चौदाव्यातली नर्मदेतली नाव, पुढच्या गुरुवारी एकदम मागे पाचव्यात, भास्कर पाटलाच्या डोळ्यांदेखत कोरडी विहीर भरते. मग पंधराव्यात अकोल्याची शिवजयंती आणि लोकमान्य. एकोणिसावा मात्र फिरून फिरून येतो. तो लांबलचक आहे, आणि तो ज्या बाईच्या वाट्याला येतो तिच्याकडे नेमके पाहुणे येतात. मी काही म्हणत नाही, अनुभव सांगतेय. समाधी त्याच अध्यायात. पहिला, प्रकट होण्याचा अध्याय कुणी सोडतच नाही, त्यामुळे महाराज माझ्या घरी प्रकट कमी होतात आणि समाधीच जास्त घेतात.

शिवाय मला मनातल्या मनात वाचलेलं चालत नाही. ओठ हलले पाहिजेत. पहाटे साडेपाचला ‘झाला’ म्हणून कळवणाऱ्यांचे ओठ हलले असतील का, हा माझा जुना संशय.

आजीचे हलायचे. तिचं गाव नेवाशापासून एसटीने तासाभरावर. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली, म्हणजे घरचीच, असा त्या सगळ्या मुलखाचा तोरा. सप्ताह मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात. पहाटे काकडा, सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. आणि सात दिवस कुणी ना कुणी वीणा गळ्यात घालून उभा. वीणा खाली टेकवायची नाही. आमचे एक चुलते दुपारच्या पहाऱ्याला उभ्या उभ्या डुलायचे, पण बोटं तारेवर चालू.

पारायणाला बसलेल्यांत आजी दुसऱ्या रांगेत, पुढ्यात ठवणीवर ज्ञानेश्वरी. तिला अक्षर येत नव्हतं. व्यासपीठचालक ओवी म्हणायचे, सगळे मागून म्हणायचे, त्यात आजीचाही आवाज. बोट मात्र भलत्याच ओळीवर. मी चौथीत, शेजारी मांडी घालून. माझं काम पानं उलटायचं. शाळेला दांडी आणि दुपारी पंगतीत बुंदी, एवढ्यावर मी खूश होते.

एकदा दोन पानं चिकटून गेली आणि मी ती एकदमच उलटली. आजी ओवी म्हणता म्हणता थांबली. माझ्या मांडीला चिमटा काढून म्हणाली, “डाग कुठं गेला गं?”

बाराव्या अध्यायात एका पानावर तेलाचा डाग होता, समईचा, मी जन्मायच्या आधीचा. कानावर जी ओवी पडत होती, तिच्याबरोबर तो यायला हवा होता आणि आला नाही. मी पानं सोडवली. डाग आला. बोट पुन्हा भलत्या ओळीवर चालू लागलं.

शेवटच्या दिवशी अठरावा संपताना शके 1212 ची ओवी येते. टीका केली ज्ञानेश्वरांनी, आणि ‘सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला’. मला तेव्हा ते बाबा फार आवडायचे. सांगणारे दुसरेच, यांनी नुसतं उतरवून घेतलं, आणि तरी नाव थेट ग्रंथात! आमच्यातलेच, पानं उलटणाऱ्यांतले. पान उलटणाऱ्या मुलीचंही नाव कुठेतरी येईल म्हणून मी बरीच वाट पाहिली. आली ती बुंदी.

तर एकोणिसावा. चहा ठेवला, पोथी काढली, निम्म्यावर आले, तोच गटप्रमुख ताईंचा फोन. आठ नंबरच्या काकू परवा गेल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फोनवर फोटोच्या जागी तुळशीवृंदावन, आणि दर गुरुवारी न चुकता ‘वाचन झाले, जय गजानन’. सहा वर्षांत त्यांचा अध्याय एकदाही माझ्याकडे आला नव्हता.

“आठवा नंबर आता तुम्हीच घ्या ना कायमचा,” ताई म्हणाल्या.

“आणि राखीव?”

“बघू कुणीतरी.”

मी विचारलं, आज त्यांचा कितवा होता. ताईंनी यादी बघितली. पहिला.

चहा उतू गेला होता. शेगडी पुसली आणि एकोणिसावा पुरा करायला बसले.