कॅराव्हॅनची स्टेपनी

मे 2023 मध्ये शाळेला हाफ टर्मची सुट्टी लागली आणि आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगहून वेल्समध्ये पेम्ब्रोकशरला निघालो. मागे कॅराव्हॅन, म्हणजे कारने ओढायचं चाकांवरचं घर, एका ॲक्सलची, चार बर्थची, सेकंड हँड घेतलेली. एम-फोर मोटरवे जिथे संपतो तिथे पाँट एब्रहम नावाचं सर्व्हिस स्टेशन आहे. तिथे चहाला थांबलो. परत येताना लेक म्हणाली, "आई, आपलं घर एका बाजूला कललंय."

डावं चाक बसलं होतं. टायरमध्ये चांगला जाडजूड स्क्रू घुसला होता आणि कान जवळ नेला की बारीक सूं असा आवाज येत होता.

मी घाबरले नाही, कारण खाली स्टेपनी होती. कॅराव्हॅन घेताना वाकून मी पहिल्यांदा तीच बघितली होती. आमच्या आप्पांचा ट्रक होता. कराडहून मुंबईला माल घेऊन निघायच्या आधी ते पान्याने सहाही टायर ठोकून आवाज ऐकायचे आणि मग गाडीखाली वाकून सातवा, म्हणजे स्टेपनीचा. "सहा चाकं गाडी नेतात, सातवं घरी आणतं," असं म्हणायचे. त्यामुळे स्टेपनी आहे की नाही हे बघायचं मला कुणी सांगावं लागलं नाही. ती कुठल्या गाडीची आहे हे मात्र मी बघितलं नव्हतं.

कॅराव्हॅन कारला जोडलेलीच ठेवली, हँडब्रेक ओढला, बोल्ट चाक जमिनीवर असतानाच ढिले केले आणि जॅक चासीच्या ब्रॅकेटला लावला. (चार कोपऱ्यांतले पाय फक्त कॅराव्हॅन हलू नये म्हणून असतात, त्यांच्यावर ती उचलायची नाही. कॅम्पसाइटवर लोकांना तसं करताना बघितलंय, म्हणून सांगते.) चाक निघालं. स्टेपनी लावायला गेले तर बसेना. पाच भोकं बरोबर समोर येत होती, पण मधलं मोठं भोक हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागावर, जाईना. नवरा म्हणाला, गंज असेल. घासलं, पुसलं, पुन्हा लावून बघितलं. नाही म्हणजे नाही.

शेवटी ब्रेकडाउनवाल्यांना फोन केला. तासाभराने एक वयस्क गृहस्थ आले. त्यांनी स्टेपनी उताणी केली, रिमच्या आतल्या बाजूचा चिखल अंगठ्याने पुसला आणि टॉर्च मारला. धातूत अक्षरं उठलेली होती: 6 जे × 15, ईटी 47. (पहिले दोन आकडे रिमची रुंदी आणि व्यास, इंचांत; ईटी म्हणजे ऑफसेट, मिलिमीटरमध्ये.) मग आमच्या काढलेल्या चाकाची आतली बाजू दाखवली: 5½ जे × 14, ईटी 30. म्हणाले, हे फोक्सवॅगन गोल्फचं चाक आहे.

आधीच्या मालकाने ते का ठेवलं असेल, याचा मी नंतर खूप विचार केला. फसवायचं असेल असं वाटत नाही. गोल्फच्या पाच बोल्टचं वर्तुळ 112 मिलिमीटर व्यासाचं, आमच्या हबचंही 112. गोल्फचा 195/65 आर 15 टायर आणि कॅराव्हॅनचा 185 आर 14 सी टायर शेजारी उभे केले तर उंचीत दोन सेंटिमीटरचाही फरक नाही. कुणालाही वाटेल की चालतंय. पण गोल्फच्या रिमचं मधलं भोक 57.1 मिलिमीटरचं असतं आणि आमच्याला लागतं 66.6. ऑफसेटही वेगळा, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर. ईटी 47 म्हणजे चाक 17 मिलिमीटर जास्त आत जाणार.

आणि ते बसलं नाही हे आमचं नशीबच. त्या टायरवर 91 लिहिलेलं होतं. हा लोड इंडेक्स. 91 म्हणजे एका टायरने 615 किलो पेलायचे. आमच्या दाराशेजारच्या पट्टीवर भरलेल्या कॅराव्हॅनचं कमाल वजन 1350 किलो दिलंय, म्हणजे एका चाकावर सुमारे 675. आमच्या मूळ टायरचा इंडेक्स 102, म्हणजे 850 किलो. भोक मोठं असतं तर मी ते चाक लावून, भांडीकुंडी आणि लेकीला घेऊन, खुशाल पुढे गेले असते. वर तारखेचा कोड होता 2309, म्हणजे 2009 सालचा तेविसावा आठवडा. चौदा वर्षं जुना टायर. कॅराव्हॅनचे टायर पाच वर्षांनी बदला, सात वर्षांपुढे तर वापरूच नका, असं इथे सांगतात, कारण ते झिजण्याआधी उभ्या उभ्या तडकतात.

त्या गृहस्थांनी आम्हाला लॅनेली गावातल्या एका टायरवाल्याकडे पोचवलं. 185 आर 14 सी हा व्हॅनचाच टायर असल्याने दुसऱ्या दिवशी मिळाला. तिथे मी फोनवर आप्पांशी बोलत होते, "आप्पा, स्टेपनी निघाली, पण दुसऱ्याच गाडीची." टायरवाल्याने मान वर केली आणि विचारलं, स्टेपनी म्हणालात? मी म्हटलं, आमच्याकडे जादा चाकाला हेच म्हणतात. तो काम सोडून बाहेर आला आणि हात करून म्हणाला, स्टेपनी स्ट्रीट तिकडे आहे.

हा शब्द त्या गावचा आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसायचं. 1904 मध्ये लॅनेलीच्या थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी आऱ्या नसलेली, टायर चढवलेली एक रिम काढली. पंक्चर झालेल्या चाकावर ती शिकंज्याने आवळायची आणि गाडी हाकत घर गाठायचं. स्टेपनी स्ट्रीटवरून तिला नाव पडलं. इंग्रजांच्या बोलण्यातून शब्द गेला, आपल्याकडे राहिला. संध्याकाळी आम्ही तिघं त्या रस्त्यावर गेलो. साधा बाजाराचा रस्ता आहे, दुकानं बंद होत होती. मी पाटीचा फोटो काढून आप्पांना पाठवला. त्यांनी तो ट्रकवाल्या जुन्या मित्रांना दाखवला. आयुष्यभर तोंडात असलेल्या शब्दाचं गाव त्यांना या वयात बघायला मिळालं, याचा मला फार आनंद झाला.

घरी आल्यावर खरी शोधाशोध सुरू झाली. ऑनलाइन जाहिरातींत "14 इंची कॅराव्हॅन व्हील" एवढंच लिहिलेलं असतं, आणि तेवढ्यावर काहीच ठरत नाही. एका भंगारवाल्याकडे चाकांची रास होती, त्यातली निम्मी चार बोल्टची, जुन्या कॅराव्हॅनची. पाच बोल्टचं वर्तुळ मोजणं अवघड, कारण एका भोकासमोर दुसरं भोक येतच नाही. त्यावर एक उपाय आहे. शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजायचं आणि 1.7 ने गुणायचं. माझं अंतर जेमतेम 66 मिलिमीटर आलं, म्हणजे 112. मधल्या भोकासाठी मी व्हर्नियर घेऊन गेले होते. टेपने तिथे फसायला होतं.

शेवटी नवीन स्टीलची रिम घेतली: 5½ जे × 14, पाच भोकं, 112, मध्ये 66.6, ईटी 30. त्यावर 102 चा टायर. मग बोल्टचा प्रश्न आला, आणि याबद्दल मला सगळ्यांत कळकळीने सांगायचंय. आमची रोजची चाकं अलॉयची आहेत. अलॉय जाड असतं म्हणून बोल्ट लांब. स्टीलची पत्र्याची रिम पातळ. लांब बोल्ट तिच्यातून आरपार जाऊन ड्रमच्या आत ब्रेकला जाऊन टेकू शकतो. आमच्या हँडबुकात दोन्हींसाठी वेगवेगळे बोल्ट दिलेत. बोल्टचं डोकं बसतं ती जागा शंकूसारखी आहे की वाटीसारखी गोल, हेही जुळावं लागतं. मला पहिल्यांदा आलेले बोल्ट गोल बुडाचे होते. रिमची जागा शंकूची. हाताने फिरवले तर छान आत गेले, पण बुडाला नुसती एक बारीक रेघ टेकत होती. ते परत केले.

दुसरे आल्यावर अंगणात कॅराव्हॅन उचलली, स्टेपनी चढवली, टॉर्क रेंचने आवळली, हँडब्रेक सोडला आणि चाक हाताने फिरवलं. कान लावून ऐकलं. कुठे घासत नाही, कट्-कट् नाही. तेव्हा जिवाला बरं वाटलं. ते पाच बोल्ट कापडी पिशवीत घालून रिमच्या मधल्या भोकातून दोरीने बांधून ठेवलेत. चाक सापडावं आणि बोल्ट कपाटात राहावेत असं नको.

घरच्या काट्यावर स्टेपनी भरली 18 किलो. ते सामानाच्या वजनात धरावे लागतात. स्टेपनी ठेवायच्या खालच्या कॅरियरच्या नळ्या गंजून एकमेकांत अडकल्या होत्या, त्या सोडवायला एक अख्खी सकाळ गेली. आता दर वसंतात ग्रीस लावते, आणि चाक बसवताना व्हॉल्व्ह खाली ठेवते, म्हणजे आडवं पडून हवा तपासता येते.

आमच्या कारमागे एवढ्या वजनाची कॅराव्हॅन ओढायची परवानगीही मला उशिराच मिळाली. 1997 पासून कारचं लायसन्स काढलेल्यांना, कार आणि ट्रेलरचं मिळून कमाल वजन 3500 किलोच्या वर जात असेल तर, आधी वेगळी परीक्षा द्यावी लागे. 16 डिसेंबर 2021 पासून ती अट गेली आणि 3500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येऊ लागला. माझ्यासारखे बरेच जण त्यानंतर या छंदात आलेत आणि आमच्यासारखीच जुनी कॅराव्हॅन घेतायत. तुम्ही त्यातले असाल तर सौदा करायच्या आधी स्टेपनी खाली काढायला लावा आणि आतला चिखल पुसून आकडे वाचा.

दर प्रवासाच्या आदल्या रात्री आप्पांचा फोन येतो.

"स्टेपनीत हवा बघितलीस का गं?"

"बघितली आप्पा. बावन्न."

ते गोल्फचं चाक पलीकडच्या घरातल्या मुलाला दिलं. त्याची गोल्फ आहे. टायर टाकून दिला, रिम चांगली होती.