रिकामं बटण

गाडीच्या बेस, म्हणजे सगळ्यात खालच्या मॉडेलमध्ये स्टिअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याच्या जरा वर, दोनतीन चौकोनी झाकणं असतात. बटणाच्याच मापाची, बटणाच्याच रंगाची. दाबली तर काही होत नाही. डॅशबोर्डचा साचा सगळ्या मॉडेलांना एकच असल्यामुळे वरच्या मॉडेलात जिथे बटण बसतं, तिथे खालच्यात बूच बसतं. बूच काढून पाहिलं तर मागे कधी कपलर, म्हणजे वायरींच्या टोकाचा प्लग, लोंबत असतो, कधी नुसतीच पोकळी, कारण वायरिंगही मॉडेलप्रमाणे बदलतं. गाडी घेणाऱ्याला मात्र हे बूच रोज खुणावतं. इथे काहीतरी असायला हवं होतं!

मारुतीच्या डिझायरला एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय आणि झेडएक्सआय प्लस अशी चढती भाजणी आहे. चौघींची लांबी मात्र ३९९५ मिलिमीटरच. २००८ची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर होती. २०१२ साली तिची शेपूट छाटली, कारण चार मीटरच्या आत आणि पेट्रोलला १२०० सीसीच्या आत राहिलं तर कर कमी बसतो. आताचं इंजिन ११९७ सीसी आहे ते उगीच नाही. डिकी आखूड दिसते त्याचं कारण सरकारी आहे, डिझायनरला बोल लावू नये.

शोरूममध्ये टॉप मॉडेलची भुरळ पडते ती बहुधा अलॉय व्हीलमुळे. इथे जरा गणित करावं. खालच्या मॉडेलांना १६५/८० आर १४ टायर, वरच्यांना १८५/६५ आर १५. यात पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये, आणि शेवटचा रिमच्या व्यासाचा, इंचांत. पहिल्यात टायरच्या भिंतीची उंची १६५च्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, दुसऱ्यात १८५च्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १२०. रिमसकट चाकाचा व्यास मोजला तर एक ६२० मिलिमीटरच्या आसपास, दुसरं ६२१च्या. म्हणजे चाक मोठं झालं असं वाटतं तेव्हा रिम मोठी झालेली असते आणि रबर कमी झालेलं असतं. रुंद टायर वळणावर आणि ब्रेकला पकड चांगली देतो, हे खरं. पण पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आदळलं की ते बारा मिलिमीटर आठवतात. पोलादी रिमची कड वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला की वेल्डिंगच्या नादी न लागता रिम बदललेलीच बरी. पोलादी रिमवरच्या प्लॅस्टिकच्या व्हील कॅपचा त्रास वेगळा. तिच्या आतल्या क्लिपा एकदा तुटल्या की ती हायवेवर कुठेतरी भिरकावली जाते. काळ्या केबल टायने दोन ठिकाणी बांधली की टिकते. बांधताना हवेचा वॉल्व्ह मोकळा ठेवायचा, नाहीतर हवा भरणारा तो टाय कापून टाकतो.

बाहेरून काय बसवता येतं आणि काय नाही, एवढं कळलं की मॉडेल निवडायला सोपं जातं. म्युझिक सिस्टीम बाहेर मिळते, पण गाडीच्या कपलरला जुळणारा कपलर मागावा. वायर कापून टेप गुंडाळणारा मिस्त्री टाळावा. पुढे इलेक्ट्रिकल बिघाड झाला की वॉरंटीचं बोलणं तिथेच थांबतं. बाहेरच्या सेटला पिवळी वायर बॅटरीची कायम सप्लायची आणि लाल किल्लीवरची, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच वीज मिळणारी असते. दोन्ही कायम सप्लायलाच जोडल्या तर गाडी उभी असतानाही सेट वीज खात राहतो आणि चार दिवसांनी बॅटरी उतरलेली सापडते. अदलाबदल झाली तर किल्ली काढली की दर वेळी घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात.

सीट कव्हर तर सगळेच घालतात, मॉडेल कुठलंही असो. नव्या डिझायरला सहा एअरबॅग खालच्या मॉडेलपासून आहेत, आणि त्यांतल्या दोन पुढच्या सीटच्या कडेतून उघडतात. जाड, चहूबाजूंनी शिवलेलं कव्हर त्यांची वाट अडवतं. कडेची शिवण एअरबॅगसाठी मोकळी ठेवलेलंच कव्हर मागावं. दुकानदार ‘सगळ्यांना बसतं’ म्हणाला तर उठावं.

ड्रायव्हरच्या सीटची उंची बदलणारी कळ मात्र बाहेरून बसवण्यासारखी नव्हे. घरात कमी उंचीचं कुणी चालवणार असेल तर सनरूफच्या आधी ती कुठल्या मॉडेलपासून मिळते ते विचारावं. सनरूफला कोपऱ्यांत पाणी वाहून जायला नळ्या असतात. धूळ आणि पालापाचोळा बसून त्या तुंबल्या की पाणी छताच्या अस्तरातून टपकतं आणि मालक रबराला दोष देतो. पावसाळ्याआधी काच उघडून एकेका कोपऱ्यात पेलाभर पाणी हळू ओतावं, ते गाडीखाली पडतं का बघावं. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, नळी सांध्यातून सुटते.

सीएनजी हवी असेल तर निवड आपोआप मधल्या दोन मॉडेलांवर येते, तीही गिअर हाताने टाकायची तयारी असेल तर. सिलिंडर डिकीतच बसतो, त्यामुळे ३८२ लिटरची डिकी कागदावर राहते.

काही जण एलएक्सआयवर झेडएक्सआयची अक्षरं चिकटवतात. बाजारात ती सुटी मिळतात. जुनी गाडी घेणारा एजंट मात्र अक्षरांकडे बघतही नाही. आधी स्टिअरिंगच्या उजवीकडची बुचं मोजतो, मग आरसी मागतो.