आमची वाटचाल : संयंत्र सोपवल्यानंतरचे काम

गोव्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीतील आमच्या शेडमध्ये शिरल्यावर डाव्या हाताच्या फळीवर एक लिटरचा काचेचा मेजरिंग सिलिंडर दिसतो. त्याच्या काठाचा टवका उडालेला आहे आणि वरच्या रेघा हाताळून पुसट झाल्या आहेत. हॉटेले आणि गृहसंकुले यांच्यासाठी सांडपाणी शुद्धीकरणाची संयंत्रे उभारण्याचा व्यवसाय आम्ही २००९ मध्ये सुरू केला, तेव्हा विकत घेतलेली ही पहिली वस्तू. एअरेशन टाकीतील, म्हणजे जिथे हवा सोडून जिवाणूंकडून सांडपाणी शुद्ध करून घेतात त्या टाकीतील, पाणी त्यात भरून अर्धा तास हलवायचे नाही आणि मग गाळ कोणत्या रेघेवर बसला ते पाहायचे. गाळ दोनशे-तीनशेच्या आसपास असेल, रंग तपकिरी असेल आणि वास ओल्या मातीचा येत असेल, तर संयंत्र जिवंत आहे. काळा रंग आणि कुजका वास आला, तर रात्री कोणीतरी ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारे यंत्र, बंद ठेवतो आहे, हे चौकशी न करताही कळते.

आमच्या कंपनीला खरे वळण मिळाले ते २०१२ मध्ये. त्या वर्षी सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि डिचोली तालुक्यातील एका खाणीवर पंपांची देखभाल करणारे एक फिटर घरी बसले. ते आमच्याकडे भागीदार म्हणून आले, तेव्हा भांडवल म्हणून त्यांनी पान्यांची पेटी, बेअरिंग पुलर आणि एक सवय आणली. पावसाळ्यात खाणीच्या खड्ड्यातील पाणी उपसणारे पंप पाळीपाळीने चालतात आणि प्रत्येक पाळीचा माणूस पुढच्या माणसाला वही सही करून सोपवतो. पंप कधी सुरू केला, आवाज कसा होता, किती करंट घेतला, हे सारे त्या वहीत असते. त्यांनी हीच वही आमच्या प्रत्येक संयंत्रावर सुरू केली. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पंपाच्या अंगावर आणि मूठ कानाला लावून बेअरिंग किती दिवस टिकेल हे सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पण आमच्या व्यवसायाला त्यांची सर्वांत मोठी देणगी ती वहीच आहे. पर्यावरणाचा प्रकल्प उद्घाटनाच्या दिवशी पूर्ण होत नाही. रोज सकाळी त्याची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे, यावर तो टिकतो, हे मला त्या वहीने शिकवले.

२०१७ मधील प्रकरण मी विसरू शकत नाही. सासष्टीत एक बांधकाम व्यावसायिक १२० सदनिकांचे संकुल उभारत होते. त्यांचे आधीचे एक काम आम्ही २०१४ मध्ये पूर्ण केले होते आणि त्यातील हमी म्हणून रोखून ठेवलेली दहा टक्के रक्कम त्यांच्याकडे थकलेली होती, तरीही आम्ही कोटेशन दिले. घरटी पाच माणसे आणि दरडोई १३५ लिटर धरून ८० केएलडीचे (रोज सुमारे ८० हजार लिटरचे) संयंत्र, पुरेशी इक्वलायझेशन टाकी (कमीजास्त येणारे सांडपाणी साठवून एकसारखे पुढे सोडणारी), दोन ब्लोअर आणि पाच वर्षांचे चालन, म्हणजे संयंत्र रोज चालवण्याचे काम, त्यात समाविष्ट होते. दुसऱ्या एका कंपनीने एक तृतीयांश कमी दर दिला. त्यांनी इक्वलायझेशन टाकी निम्मी केली, राखीव ब्लोअर काढला आणि चालनाचा उल्लेखच केला नाही. काम त्यांना मिळाले. सुरुवातीचे नमुने उत्तम आले, परवानग्या मिळाल्या, व्यावसायिक बाहेर पडले आणि किल्ल्या रहिवाशांच्या समितीकडे आल्या. ब्लोअरचा तेलपालट कधी करायचा हे समितीतील कोणालाही सांगितलेले नव्हते. वीजबिल पाहून त्यांनी रात्रीचा ब्लोअर बंद केला आणि वर्षभरात तळमजल्यावरच्या लोकांना खिडक्या उघडणे अशक्य झाले. मग आम्हाला बोलावणे आले. आम्ही टाकी वाढवली, दुसरा ब्लोअर बसवला, नवा गाळ आणून सोडला. आज त्या संयंत्राचे छायाचित्र त्या कंपनीच्या माहितीपत्रकात झळकते आणि त्यात आम्ही बसवलेला ब्लोअर स्पष्ट दिसतो. ते पाहून मला आजही त्रास होतो.

त्यानंतर आलेला मार्च २०२० आम्हाला जवळजवळ संपवून गेला. हॉटेले एका आठवड्यात रिकामी झाली. संयंत्रातील जिवाणूंचे अन्न म्हणजे माणसांनी वापरलेले पाणी. पाहुणे नाहीत म्हणजे अन्न नाही. ब्लोअर चालू ठेवले तर उपाशी गाळ विस्कटतो, बंद केले तर तो सडतो. आमच्याकडे तेव्हा अकरा हॉटेलांचे चालन होते आणि त्यांपैकी दहांनी करार स्थगित केल्याची पत्रे पाठवली. उरले ते कळंगुटचे एक वयोवृद्ध हॉटेलमालक, ज्यांना आम्ही सगळे बाब म्हणतो. त्यांनी फोन करून सांगितले की माणसांचा पगार थांबवू नकोस, माझे बिल नेहमीप्रमाणे पाठव. किनाऱ्यावरच्या वाळूत विहिरीचे पाणी हातभर खोलीवर असते आणि आपल्या शोषखड्ड्यातील घाण शेजाऱ्याच्या विहिरीत जाते, हे त्यांनी लहानपणी पाहिलेले होते. त्यांच्या संयंत्रात आमचा ऑपरेटर रोज गूळ आणि थोडा युरिया पाण्यात कालवून घालत असे आणि ब्लोअर थांबून थांबून चालवत असे. मी माझी व्हॅन विकली, पत्नीचे दागिने गहाण ठेवले, परंतु सातही ऑपरेटर टिकवले. पर्यटक परतू लागले तेव्हा बाबांच्या टाकीतला गाळ टँकरने नेऊन आम्ही इतर हॉटेलांची संयंत्रे पुन्हा सुरू केली. स्थगितीची पत्रे पाठवणाऱ्यांची संयंत्रेही त्याच गाळावर उभी राहिली.

पुढची वर्षे कामात गेली.

या व्यवसायात येणाऱ्या तरुणांना आणि संयंत्र विकत घेणाऱ्यांना मी काही सांगू इच्छितो. पहिल्याच बैठकीला वास्तुविशारदासोबत हॉटेलचा मुख्य आचारी आणि हाउसकीपिंगचा प्रमुख यांना बोलवा, कारण स्वयंपाकघरातील तेल, संडास धुण्याचे ॲसिड आणि पोहण्याच्या तलावाची गाळणी धुतलेले क्लोरीनयुक्त पाणी हे तिन्ही जिवाणूंचे शत्रू आहेत आणि ते त्यांच्याच हातून येतात. दर विचारताना दहा वर्षांची वीज, सुटे भाग आणि ऑपरेटरचा पगार मिळवून विचारा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये शुद्ध केलेल्या पाण्यासाठी बीओडीची (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची) मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम ठरवली. ती केवळ चांगले यंत्र घेऊन गाठता येत नाही. आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीने पर्यावरणाची जबाबदारी संस्थेच्या सर्वोच्च नेतृत्वावर टाकली आहे. स्वागतकक्षात ते प्रमाणपत्र लावणाऱ्या मालकाने महिन्यातून एकदा तरी खाली उतरून पाळीची वही वाचावी.

गेल्या चवथीनंतर सासष्टीच्या त्या संकुलात नवे खजिनदार आले आणि त्यांनी रात्रीचा ब्लोअर बंद करण्याचा जुना प्रस्ताव पुन्हा मांडला. माझे भागीदार आता सत्तरीला आले आहेत, तरी ते स्वतः फळीवरचा सिलिंडर घेऊन गेले. त्यांनी तो टाकीच्या पाण्याने भरून खजिनदारांच्या हातात दिला आणि दोघेही अर्धा तास पंपघराच्या पायरीवर बसले. गाळ अडीचशेवर बसला. खजिनदारांनी त्याचा वास घेऊन पाहिला आणि आमच्याशी असलेला चालन करार पुढे तीन वर्षे वाढवला. २०१४ च्या कामाची दहा टक्के रक्कम अजून आलेली नाही.