गोसीखुर्द, तेहतीस गेटं आणि एक पाण्याची बाटली

जन्म नागपुरात गेला पण वैनगंगेवरचं, भंडारा जिल्ह्यातलं गोसीखुर्द धरण कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आमच्यासाठी गोसी म्हणजे पेपरातला एक आकडा, जो दर दोन-चार वर्षांनी वाढतो. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हातून भूमिपूजन झालं, मूळ अंदाज होता ३७२ कोटींचा, २००९ ला राष्ट्रीय प्रकल्प झाला, मग आकडा अठरा हजार कोटींच्या वर गेला, मधल्या काळात कालव्यांच्या कामाच्या चौकशा, समित्या, गुन्हे सगळं झालं. म्हटलं एकदा जाऊन बघू तरी हे आहे काय.

दिवाळीच्या आधीचा रविवार. मी आणि मित्र, एक बाईक, सकाळी सहाला निघालो. उमरेडला तर्री पोहे. तर्री इतकी जहाल की मित्राने हेल्मेट काढून ठेवलेलं ते परत घालायला तयार नव्हता, डोक्यातून वाफा निघतात म्हणे. पुढे भिवापूर, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीचं गाव, पण मिरची अजून झाडावर होती, लाल सडे बघायचे तर उन्हाळ्याच्या तोंडावर यायला पाहिजे. भिवापूर सोडलं की धानाचा पट्टा लागतो, हलका धान कापणीला आलेला, भारी धान अजून हिरवा, रस्त्यावर बैलगाड्यांपेक्षा हार्वेस्टरच जास्त. पवनीला किल्ल्याच्या दरवाजातून एक चक्कर मारली. इथे जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप सापडलाय, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी, त्या दिवशी घाई होती कारण मित्राचे मामा धरणाजवळ वाट बघत होते.

मामा म्हणजे धरणावर रोजंदारीवर लागले आणि तिथेच म्हातारे झाले असा माणूस. त्यांचं स्वतःचं गाव याच धरणात गेलं. म्हणजे गाव बुडवणाऱ्या भिंतीवरच त्यांनी अर्धं आयुष्य माती दाबली. आता पुनर्वसनच्या गावात राहतात.

धरणावर पोचलो आणि सगळे करतात तेच आम्ही केलं, गेटांकडे तोंड करून उभे राहिलो. तेहतीस वक्राकार गेटं एका ओळीत, त्यातली दोनच जराशी उचललेली, तेवढ्यातच खाली पांढरा फेस आणि तोंडावर येणारे तुषार. मोबाईल काढणार तेवढ्यात गार्डने शिट्टी मारली, फोटो मना. बरोबरच आहे म्हणा.

मामा शांतपणे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोटत होते. म्हणाले, "भाचे, तुमी सारे येता अन् गेटच पाह्यता. गेटाले ऑपरेटर हाय, मोटर हाय, लाईन गेली तं जनरेटर हाय. या मातीले कोन पाह्यते जी?"

तोपर्यंत माझ्या डोक्यात धरण म्हणजे काँक्रीट होतं. खरं तर काँक्रीटचा भाग मधला, गेटांचा, तो मोजून साडेसहाशे मीटर वगैरे. धरण आहे अकरा किलोमीटरच्या वर लांब, आणि उरलेलं सगळं मातीचं. आत काळ्या चिकण मातीचा गाभा, त्याच्यावर दोन्हीकडून मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग म्हणजे लाटेने माती कापू नये, आणि कोरड्या बाजूला गवत. ही मातीची लांबलचक पाळ ११४६ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी अडवून बसलीये आणि वरून जाताना आपल्याला वाटतं आपण साध्या रस्त्यावरून चाललोय.

मामांनी आम्हाला कोरड्या बाजूला, खाली पायथ्याशी नेलं. उतरताना एक बाभळीचं रोपटं दिसलं, वीतभर, ते त्यांनी चालता चालता उपटलं, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी. म्हटलं मामा एवढंसं तर आहे. तर म्हणाले झाड जित्तं असलं तवर ठीक, "मेलं का मूळ सडते, अन् सडलं का पाण्याले आयती नळी भेटते." घुशीच्या बिळाचं पण तेच. मला एकदम तिवरे धरण आठवलं, चिपळूणकडचं, २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं ते. तेही मातीचंच होतं. खेकड्यांनी फोडलं असं तेव्हा मंत्री बोलले आणि अख्ख्या महाराष्ट्राने मीम बनवले, पण गावकरी आधीपासून गळतीच्या तक्रारी करत होते हे मीममध्ये कुठे आलं नाही.

पायथ्याला दगडाची नाली आहे आणि तिच्यात पाणी वाहत होतं. मी घाबरलोच, म्हटलं मामा हे लीक होतंय! ते हसले, तंबाखू उडेस्तोवर हसले. मातीचं धरण पाझरणारच, न पाझरणारं मातीचं धरण कोणी बांधलं नाही अजून, फक्त ते पाणी आपण सांगू त्या वाटेने आणि सांगू तेवढंच आलं पाहिजे. त्यासाठी नालीत लोखंडी पत्र्याला इंग्रजी व्हीसारखी खाच करून बसवलेली असते, त्या खाचेतून पाणी किती उंचीने पडतंय त्यावरून पाझर मोजतात. धरणाची पातळी तीच आणि पाझर वाढला तर काहीतरी बिघडलंय.

"अन् मोजाले नाई आलं तं?" मी विचारलं. (त्यांच्यासोबत दोन तास राहिलं की आपलीही भाषा तशीच होते.)

त्यांनी माझ्याजवळची बिसलेरीची रिकामी बाटली घेतली, नालीत बुडवून भरली आणि उन्हात धरली. आरपार. पलीकडे मित्राचं वेडंवाकडं तोंड दिसत होतं. "हे असं नितळ हाय तवर घरी जाऊन झोपाचं. गढूळ दिसलं तं पाणी एकटं येऊन नाई राह्यलं, संगं माती घेऊन येऊन राह्यलं. मंग सायबाले फोन, रातचे दोन वाजले असन तरी."

धरण सुरक्षा कायदा २०२१ ला आला, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायचीच असं त्यात आहे, हे मी नंतर वाचलं. पण खरं सांगतो, त्या बाटलीने जे कळलं ते कायद्याने कळलं नसतं.

मी गेटांची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. ऑगस्ट २०२४ मध्ये कर्नाटकातल्या तुंगभद्रा धरणाच्या एकोणिसाव्या गेटची साखळी तुटली आणि अख्खं गेट वाहून गेलं, म्हणजे गेटही भरवशाचं नाही. मामांनी ते टीव्हीवर पाहिलं होतं. "गेट गेलं तं पाणी जाते, बांध राह्यते. मातीवरून पाणी गेलं तं बांधच जाते." म्हणजे गेटं आहेतच मुळी मातीसाठी, पाणी पाळीच्या वर चढू नये म्हणून.

आणि हे त्यांनी २०२० ला पाहिलेलं. २९-३० ऑगस्ट, वर मध्य प्रदेशात तुफान पाऊस, तिकडून संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, इकडून पेंच धरणाचं, आणि सगळं वैनगंगेत. वर भंडारा शहरात पाणी शिरलं, इथे सगळी तेहतीस गेटं उघडावी लागली, आणि खाली ब्रह्मपुरी-गडचिरोलीकडची गावं पाण्यात गेली. दोन राज्यांनी एकमेकांना वेळेवर कळवलं का यावर नंतर बरंच बोलणं झालं. मामा म्हणाले त्या रात्री वर उभं राहिलं की तळपायातून धडधड छातीपर्यंत यायची, आणि बांधावरच्या माणसाला एकाच वेळी दोन भेव असतात, नाही सोडलं तर बांध आणि सोडलं तर खालची गावं. खालच्या गावात त्यांची लेक दिलीये. यापुढे ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

मग घरी जेवायला नेलं. ढिवराकडून सकाळीच आणलेले झिंगे, लाल तिखटातले, आणि भात. पुनर्वसनचं गाव तसं आखीव, सरळ रस्ते, पण सावली नाही. मामी म्हणाल्या जुन्या गावात घरामागे चिंच होती. २०१३ चं धरणग्रस्तांसाठीचं ११९९ कोटींचं पॅकेज आलं तेव्हा पैसे मिळाले, ते लग्नात गेले आणि एका मोटारसायकलीत गेले. शेत गेलं ते गेलंच. पाणी डोळ्यासमोर अथांग पसरलेलं आणि नळ एक दिवसाआड, हे मामींनी तक्रार म्हणून नाही, असंच सांगितलं.

परत येताना आंभोऱ्याला, नदीकाठच्या तीर्थाच्या गावी, थांबलो, तिथला नवा केबलचा पूल बघायला. खाली बॅकवॉटर, लांबून निळं, जवळ गेलं की हिरवट, कडेला जलपर्णी, आणि वारा आला तर वास. तो वास ओळखीचा होता. आमच्या नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान इथे वैनगंगेला, म्हणजे आम्ही सकाळी जे फ्लश करतो तेच, बाईकने एवढं फिरून, आम्ही संध्याकाळी पुलावरून बघत होतो. सेल्फी काढणारी पोरं रुमाल नाकाला लावून पोज देत होती.

रात्री घरी पोचलो, बॅग सोफ्यावर टाकली. आईने त्यातून ती बाटली काढली, नितळ पाणी बघून म्हणाली, आंभोऱ्याला गेलतास ना रे, तीर्थ आणलंस का, देवघरात ठेवते. मी म्हटलं थांब, आधी मी काय सांगतो ते ऐक.

तिने ऐकलं. मग ती बाटली तिने बाल्कनीतल्या तुळशीला नाही, शेजारच्या मनीप्लांटला ओतली.