चिडका कोणाला म्हणायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोलापुरात मराठी शिकवायची, तीही घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणाऱ्या मुलांना, म्हणजे हा प्रश्न दरवर्षी येतोच: ‘बाई, चिडका म्हणजे रागीटच ना?’

रागीट माणसाचा धाक वाटतो. चिडक्याचा कोणालाच वाटत नाही, म्हणून तर पोरं त्याला मुद्दाम चिडवतात. रडण्यावरून रडका, बोलण्यावरून बोलका, तसा चिडण्यावरून चिडका; त्याला फारसं निमित्त लागत नाही. तापट माणूस भडकतो आणि घटकाभरात निवतो. तिरसटाला तर कोणी डिवचावंही लागत नाही. ‘चहा घेणार का?’ म्हटलं तरी ‘न घ्यायला काय झालं?’ हे ठरलेलं. चिडका मात्र खेळातला गडी. आऊट दिल्यावर बॅट उचलून घरी निघाला, की मागून गलका सुरू: ‘चिडका बिब्बा! चिडका बिब्बा!’

हा बिब्बा, म्हणजे एका झाडाची काळी बी, हल्लीच्या मुलांनी पाहिलेला नसतो. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला त्याचं तेल वापरत. ते अंगाला लागलं की कातडी लाल होते, फोड येतात. बिब्बा उतला म्हणतात तो हाच. जरा लागलं की उतणारा, म्हणून चिडक्याला त्याची जोड मिळाली असावी. (त्याच्याच आतली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालतो, हे सांगितलं की वर्ग अवाक होतो.)

मोठ्या माणसांना मात्र हा शब्द लावलेला मला खपत नाही. स्वतःबद्दल बोलताना आपण ‘माझी चिडचिड होतेय’ म्हणतो आणि दुसऱ्याला सरळ चिडका ठरवतो. चिडका म्हटलं की तो स्वभाव झाला, विषय संपला. चिडचिड होते म्हटलं, तर कशाने होते ते विचारावं लागतं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलीने निबंधात लिहिलं, ‘माझे बाबा चिडके आहेत. टीव्हीचा आवाज वाढवला तरी ओरडतात.’ बाबा यंत्रमागावर कामाला. दिवसभर कानाशी खटखट, वर पत्रा, मे महिन्यात पारा ४० च्या पुढे. मी तिला वाक्य बदलायला लावलं: ‘बाबांची चिडचिड होते.’ मग म्हटलं, आता कशाने होते तेही लिही. ती घरी जाऊन बाबांनाच विचारून आली. नव्या निबंधात टीव्हीची एक ओळ आहे आणि टॉवेलच्या मागांवर अर्धं पान.