पहिली पत्रिका

१९९६ साली वडील गेले आणि सांगलीतल्या हरभट रोडजवळचा आमचा छापखाना माझ्याकडे आला. दोघी बहिणींची लग्नं झालेली, मी सत्तावीस वर्षांची. मामा म्हणाले, मशीन विकून टाक, त्या पैशांत तुझं लग्न उरकू. मला लग्न करायचं नव्हतं. कुणावर रुसून नाही, कुठे मन मोडलं म्हणूनही नाही. मला ते नको होतं आणि छापखाना हवा होता. इतकं साधं उत्तर, पण आजवर एकाही नातेवाइकाने ते सरळ ऐकून घेतलेलं नाही.

आमचं निम्म्याहून जास्त काम लग्नपत्रिकांचं. ट्रेडल, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांवरून छापायची जुनी मशीन, वडिलांनीच शिकवली होती. उजव्या हाताने कागद लावायचा, डाव्याने छापलेला काढायचा. ताल चुकला की बोटं गेली. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारे कंपोझिटर अण्णा वडिलांच्याच वेळचे. ‘चि. सौ. कां.’ ते केसकडे, म्हणजे खिळ्यांच्या लाकडी खणांकडे, न बघता जुळवत. रफाराचा खिळा फार नाजूक, त्याचं टोक मोडलंय का हे त्यांना बोट फिरवून कळायचं. पहिले चार महिने मी त्यांना पगार देऊ शकले नाही. “ताई, लग्नसराई येऊ दे,” एवढंच म्हणाले आणि रोज साडेनऊला येत राहिले.

मग आमच्याच रस्त्यावर तयार कार्डांचं दुकान निघालं. शिवकाशीचा माल, सोनेरी छपाई, भावही कमी. धंद्यात स्पर्धा असणारच, त्याचं मला काही वाटलं नाही. पण तो दुकानदार गिऱ्हाइकांना सांगू लागला, “जिचं स्वतःचं लग्न झालं नाही, तिच्या हातची पत्रिका पहिली गणपतीपुढे ठेवणार का?” आमच्याकडे पहिली पत्रिका गणपती मंदिरात नेतात, त्यामुळे हे बोलणं बरोबर वर्मी लागायचं. २००३च्या लग्नसराईत माझी अकरा कामं परत गेली. एक बाई तर फर्मा, म्हणजे जुळवलेल्या मजकुराची चौकट, आवळून झाल्यावर आल्या आणि टेबलावरचा मजकुराचा कागद उचलून गेल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही. तो दुकानदार अजून रस्त्यात भेटला की नमस्कार करतो. मी करत नाही.

त्याच वर्षी एक शिक्षिका आल्या. थोरल्या मुलीचं लग्न, यजमान वारलेले. मजकूर दिरांनी लिहून दिला होता. निमंत्रक दीर-जाऊ, वाढवलं जिने तिचं नाव कुठेच नाही. बाई हळूच म्हणाल्या, “माझं नाव घालता येईल का? ‘गं. भा.’ न लावता?” अण्णांनी एक शब्द न बोलता त्यांचं नाव सगळ्यात वर, २४ पॉइंटात, म्हणजे ठळक मोठ्या अक्षरांत जुळवलं. तेव्हापासून त्यांच्या धाकटीचं लग्न, नातवाची मुंज, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळं काम माझ्याकडे. २०२२च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याचं कात्रण घेऊन त्या आल्या आणि टेबलाच्या काचेखाली ठेवून गेल्या. ते अजून तिथेच आहे.

ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना एक सांगते. प्रूफ नुसतं डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने वाचा. तारीख, तिथी आणि वार कॅलेंडर समोर ठेवून जुळवा. आणि आईचं नाव आहे का, ते सगळ्यात आधी बघा.

मधली वर्षं बरी गेली. मिनी ऑफसेट हे छपाईचं नवं मशीन घेतलं, संगणकावर मराठी जुळवायला श्रीलिपी शिकले.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलं. छापखान्यात ते पंख्यापर्यंत होतं. ओसरल्यावर शटर उचललं तर कागदाची रिमं फुगून फुटलेली, ऑफसेटची मोटर जळालेली, सगळ्यावर बोटभर गाळ. मामांचा फोन आला, “आता तरी?” लाकडी केस इतके फुगले होते की खण निघेनात. अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पटाशी घेऊन आले आणि एकेक खण उचकटला. खिळे आम्ही परातीत धुतले, जुन्या धोतरावर वाळत घातले, पुन्हा केसच्या घरांत लावले. सतरा दिवस लागले. दुसऱ्या वर्षी लॉकडाऊनमध्ये लग्नसराईच बुडाली. या सगळ्यात झालेलं कर्ज आता फिटलं. अण्णा ते बघायला राहिले नाहीत.

परवा एक मुलगा-मुलगी आली. नोंदणी विवाह, नोटिशीचे तीस दिवस संपत आलेले. दोन्ही घरांनी नावं घालायला नकार दिलाय. पत्रिकेवर फक्त त्यांची दोन नावं, मुहूर्त नाही. मुलीने भीत भीत विचारलं, “असं छापता का तुम्ही?” मी विचारलं, प्रती किती?

साठ. एवढ्यासाठी ऑफसेट कशाला, म्हणून ट्रेडलवर घेतलंय. मुलीच्या आडनावात रफार आहे. केसमध्ये त्या मापाचे तीन उरलेत. बोट फिरवून त्यातला धड होता तो लावला. उद्या दोघं प्रूफ बघायला येतील.