गेटिसबर्गचे रणांगण पायी पाहावे

वॉशिंग्टनपासून सुमारे १३० किलोमीटरवर, पेनसिल्व्हेनियात, गेटिसबर्ग हे लहानसे गाव आहे. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत येथे अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधील यादवी युद्धातील सर्वांत रक्तरंजित लढाई झाली. मृत, जखमी, कैद झालेले आणि बेपत्ता असे दोन्ही बाजूंचे मिळून जवळजवळ ५१,००० सैनिक त्यात कामी आले किंवा निकामी झाले.

पहिल्या दिवशी आम्ही आखून दिलेल्या मार्गाने गाडीतून फिरलो. पुतळे आणि तोफा असंख्य दिसल्या, पण लढाई काही उमगली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्जिनियाच्या स्मारकापासून, जिथे दक्षिणेचा सेनापती जनरल ली याचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे, समोरच्या टेकाडावरील, उत्तरेचे सैन्य जिथे होते त्या दगडी कुंपणापर्यंत दीडेक किलोमीटर चालत गेलो. ३ जुलैच्या दुपारी, आपल्याच हाताखालच्या जनरल लॉंगस्ट्रीटचा विरोध डावलून, लीने सुमारे १२,००० सैनिक याच उघड्या शेतांतून पाठवले होते. दुरून सपाट भासणाऱ्या या जमिनीत खोलगट भाग आहेत. तिथे उतरल्यावर समोरचे कुंपण दिसेनासे होते आणि वर येताच आपण पुरते उघडे पडतो. वाटेतल्या एमिट्सबर्ग रस्त्याची लाकडी कुंपणे ओलांडताना रांगा का मोडल्या असतील, हे तिथे उभे राहिल्यावरच कळते. त्या सैनिकांतील जवळजवळ निम्मे मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. दुसऱ्याच दिवशी ली माघारी फिरला आणि त्याच ४ जुलैला मिसिसिपी नदीकाठचे दक्षिणेचे व्हिक्सबर्ग शहरही उत्तरेच्या हाती पडले.

जाणाऱ्यांनी उन्हाळ्यात पहाटेच निघावे, कारण वाटेत सावली जवळजवळ नाही. पाणी सोबत ठेवावे, गवतातील गोचिडींपासून बचावासाठी लांब विजार घालावी आणि एमिट्सबर्ग रस्ता ओलांडताना सांभाळावे, कारण त्यावर आजही वाहतूक चालते. रणांगणात प्रवेशशुल्क नाही, संग्रहालयाला मात्र तिकीट आहे. परवानाधारक वाटाड्या आपल्याच गाडीत बसून माहिती सांगतो. त्याला आधी ठरवावे. लिटल राउंड टॉप या टेकडीवरून दृश्य सुरेख दिसते, पण गर्दीही तिथेच अधिक.

सैनिकांची स्मशानभूमी शेवटी ठेवावी. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी तिच्या समर्पणप्रसंगी नामवंत वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, तर राष्ट्राध्यक्ष लिंकन जेमतेम दोन मिनिटे. अर्धवर्तुळाकार रांगांतील ९७९ अनोळखी सैनिकांच्या लहान दगडांवर नाव नाही, केवळ क्रमांक आहे. सूर्यास्ताला ही जागा बंद होते, म्हणून तासभर आधी तरी तिथे पोहोचावे.